कडीचा मान

मासात्लानच्या तार कचेरीत चौतीस वर्षं खिडकीमागे बसलेल्या फिदेन्सिओ मास्तरांच्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता. वादळात खांब आडवे झाले तेव्हा नव्हता, आणि मोठ्या साहेबांच्या सासूबाईंच्या तारेतून एक शब्द गळला तेव्हासुद्धा नव्हता. (गळलेला शब्द ‘येते’ हा होता. साहेबांनी त्याबद्दल मास्तरांना स्वखर्चाने कॉफी पाजली.) अशा माणसाच्या घरावर, निवृत्तीनंतर सात वर्षांनी, एका डेन्मार्कच्या पोराने शेरा मारावा? जो पोरगा धड चपलाही घालत नाही त्याने? आणि तोही तोंडावर नाही, परस्पर त्यांच्या मुलीला कळवून?

शेरा असा होता: ‘खोली स्वच्छ. हवा उत्तम. खोलीत सरासरी चार माणसं.’

मास्तर खरे दुखावले ते ‘सरासरी’ या शब्दाने. म्हणजे कार्ट्याने आठवडाभर नोंद ठेवली होती.

आता खोलीत माणसं होती हे मास्तर नाकारत नव्हते. पण ती काही रस्त्यावरची माणसं नव्हती. ते पाद्रिनो होते. ज्याने बाप्तिस्म्याला मूल हातात धरलं तो मुलाचा पाद्रिनो, आणि मुलाच्या बापाचा जन्मभराचा कोंपाद्रे; इथवर कुणाची तक्रार नाही. पण मास्तरांच्या गल्लीत मुलापाशी कुणी थांबत नाही. लग्नात अंगठ्यांचा पाद्रिनो वेगळा, केकचा वेगळा, खुर्च्यांचा वेगळा. नवीन गाडी आली की तिला पाद्रिनो लागतो. तेव्हा गच्चीवर भाड्याने द्यायची खोली बांधून झाली, गवंडी निघून गेले, आणि आत चार भिंतींखेरीज काही नाही असं दिसलं, तेव्हा मास्तर म्हणाले, “बाजारात जातो आणि सामान घेऊन येतो.”

“बाजारात?” त्यांच्या बायकोने, आम्पारोबाईंनी, पोळपाटावरून मान वर केली. “म्हणजे गल्लीला कळू दे, की फिदेन्सिओ मास्तरांना मान द्यायला एक माणूस उरलं नाही. जा ना. पिशवी देऊ?”

मास्तर गेले नाहीत. त्या संध्याकाळी आम्पारोबाई गल्लीत एक चक्कर मारून आल्या आणि परत येईतो खोली सजली होती. समोरच्या रेमेदिओसबाई गादीच्या माद्रिना झाल्या, कारण बाई असली की पाद्रिनोची माद्रिना होते. उघडी टॅक्सी चालवणाऱ्या एव्हारिस्तोने पंख्याचा मान घेतला. आणि बँडमध्ये ट्यूबा वाजवणारा शेजारचा निकानोर, ज्याच्या घरी आधीच इंटरनेट होतं, त्याने भिंतीला भोक पाडून वायर वर आणली आणि इंटरनेटचा पाद्रिनो झाला. टेबल-खुर्ची, पलंग, आरसा आणि पडदा यांचीही सोय झाली. रविवारी पाद्री आन्सेल्मो आले. त्यांनी प्रत्येक वस्तूवर पवित्र पाणी शिंपडलं. इंटरनेटच्या डबीवर मात्र निकानोरने आधीच रुमाल टाकून ठेवला होता, कारण श्रद्धा असली तरी डबी विजेवर चालत होती. मग सगळे जेवले.

या सगळ्यात एकच गोष्ट राहून गेली. खोलीच्या दाराला कडी नव्हती. कुणी तिचा मान घेतला नव्हता, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण त्या घरात कुठल्याच दाराला कडी लावायची वेळ कधी आली नव्हती.

पंधरा दिवसांनी टॉर्बेन आला. उंच, पांढुरका, तीन भाषांमध्ये आभार मानणारा. त्याची कचेरी त्याच्या पाठपिशवीत होती आणि साहेब डेन्मार्कमध्ये. सकाळी सात ते अकरा तो त्या साहेबांशी कॉम्प्युटरच्या पडद्यावरून बोलायचा, तेव्हा तिकडे दुपार टळलेली असायची. बाकी वेळ समुद्रात. गल्लीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘गोऱ्या’ ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे जायला सुरुवात केली.

जाणार नाही तर काय करतील? दिलेल्या वस्तूची चौकशी न करणारा पाद्रिनो म्हणजे मूल टाकून गेलेला बापच. रेमेदिओसबाईंना गादीला रोज ऊन दाखवायचं असे. एव्हारिस्तो पहिली फेरी संपवून पंख्याला तेल घालायला येई. निकानोर तर दिवसातून तीनदा यायचा, कारण इंटरनेट दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या वस्तूची काळजी जास्त घ्यावी लागते असं त्याचं म्हणणं होतं.

पहिल्या गुरुवारी जे झालं ते मास्तरांनी जिन्यातून स्वतः पाहिलं. टॉर्बेनची सहा साहेबांबरोबर महत्त्वाची बैठक चालू होती. त्याच्या पाठीमागे एव्हारिस्तो त्याच्याच खुर्चीवर उभा राहून पंख्याची पाती पुसत होता. खुर्ची गेल्यामुळे टॉर्बेन पलंगावर बसला होता, आणि पलंगावरची गादी रेमेदिओसबाई ओढत होत्या.

“जरा ऊठ रे गोऱ्या. कोवळं ऊन आहे तोवर न्यायची आहे.”

“बाई, माझी बैठक आहे,” टॉर्बेन म्हणाला.

“हो का? कुठंय?” बाई पडद्यात डोकावल्या. सहा माणसं टाय लावून त्यांच्याकडे बघत होती. बाईंनी केस सारखे केले आणि प्रत्येकाला वेगळा नमस्कार केला. “जेवलात का तुम्ही सगळे? हा टकल्या फार सुकलाय. ए गोऱ्या, विचार त्याला, जेवला का.”

टॉर्बेनने विचारलं नाही, पण टकल्या साहेबाला बहुतेक स्पॅनिश येत असावं. त्याने नाही म्हणून मान हलवली. मग बाईंना राहवेना. त्या पडद्याला चिकटून त्याला वाटाण्याच्या सुपाची कृती सांगू लागल्या. तेवढ्यात निकानोर आला. त्याने बाईंना बाजूला सारून तोंड पुढे घातलं आणि ओरडला, “दिसतोय का मी? नीट दिसतोय? बघा, माझं आहे ते!”

मास्तरांना वाटलं, पोरगा रागावेल. तो रागावला नाही. संध्याकाळी खाली आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, “मास्तर, दाराला कडी लावता येईल का?”

“कडी?” मास्तर म्हणाले. “कशाला? चोर नाहीत आपल्याकडे.”

“चोर नाहीत,” टॉर्बेनने मान्य केलं. “बाकी सगळे आहेत.”

मास्तर त्याला काय सांगणार? कडी बाजारातून आणून ठोकणं म्हणजे सात घरांच्या तोंडावर दार लावणं. त्यांनी ‘बघतो’ म्हणून सांगितलं. ‘बघतो’ हा शब्द चौतीस वर्षं खिडकीतून लोकांना सांगितल्यामुळे त्यांच्या तोंडात बसला होता, आणि त्याचा अर्थ काय होतो हे गल्लीतल्या शेंबड्या पोराला कळलं असतं. टॉर्बेन मात्र दोन दिवस वाट बघत बसला, आणि रविवारी त्याने शेरा लिहिला.

सोमवारी सकाळी मुलीचा फोन आला. येसेनिया तिहुआनात एका मोठ्या कंपनीत हिशेबनीस होती आणि खोलीची जाहिरात तीच सांभाळायची.

“पप्पा, सरासरी चार माणसं म्हणजे काय?”

“तो उद्धट आहे.”

“पप्पा, आपलं काय ठरलं होतं? खोली चालली तर तुम्ही तिथे. नाही चालली तर घर विकायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं. मम्मीचे गुडघे, तुमचा रक्तदाब. मी रोज रात्री तुमच्या काळजीने उठते, माहितीये? तो तीन महिन्यांसाठी आलाय आणि आठ दिवसांत त्याने दुसरीकडे जागा विचारलीये. मी येत्या शनिवारी येतेय. तो राहत असेल तर एक शब्द बोलणार नाही. गेला असेल तर कागदावर सही करायची. इथे चौथा मजला आहे, लिफ्ट आहे.”

“समुद्र दिसतो?”

“समोरची इमारत दिसते.”

फोन ठेवल्यावर मास्तर गच्चीवर गेले. कडेला उभं राहिलं की तिथून बंदर दिसतं, आणि मोठी बोट सुटताना तिचा भोंगा आधी पायाला कळतो, मग कानाला. त्या कठड्याशी ते रोज संध्याकाळी उभे राहत. ते सोडून आता चौथ्या मजल्यावरून समोरची इमारत बघायची. पण मास्तरांना दुःख झालं की त्याचा लगेच राग होतो. त्यांनी चष्मा लावला, कागद घेतला आणि सूचना लिहिली.

चौतीस वर्षांची सवय. तारेत शब्द वाया घालवायचा नसतो. त्यांनी लिहिलं: ‘सात ते अकरा वर येऊ नये. मास्तर.’ आणि जिन्याच्या तोंडाशी चिकटवलं.

नऊ वाजेपर्यंत सगळ्या गल्लीने ते वाचलं. नमस्कार नाही, कृपया नाही, घरच्यांची खुशाली नाही. मासात्लानमध्ये कुत्र्यालासुद्धा इतक्या कमी शब्दांत हाकलत नाहीत. रेमेदिओसबाई काळा पोशाख घालून आल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी गादीची शेवटची चौकशी केली आणि डोळे पुसत निघून गेल्या. एव्हारिस्तोची टॅक्सी बाजारातून रिकामी येत होती. आम्पारोबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्त्यात उभ्या होत्या. त्याने वेग कमी केला, टोपी काढून नमस्कार केला, आणि न थांबता गेला.

आणि निकानोरने त्याच्या घरातून वायर उपटली.

“येऊ नये म्हणाले ना?” भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. “मी नाही येत. माझं इंटरनेटही नाही येणार. आम्हाला लिहिलेलं कळतं, मास्तर!”

वरून टॉर्बेन धावत आला, कारण तो एका वाक्याच्या मधोमध होता.

“समाधान झालं?” आम्पारोबाई पिशव्या ठेवत म्हणाल्या. “वीस वर्षांची माणसं सात शब्दांत तोडलीत. आणखी एक शब्द लिहिला असता तर मी पण गेले असते.”

“चूक माझी आहे का?” मास्तर ओरडले. “या घरात मालक कोण आहे? स्वतःच्या घरात स्वतःचं इंटरनेट घेण्याची माझी ऐपत नाही का?” आणि कागदपत्रांची पिशवी काखेत मारून ते तरातरा इंटरनेट कंपनीच्या कचेरीत गेले.

तिथे त्यांना एक आकडा छापलेली चिठ्ठी मिळाली. चौतीस वर्षं जे खिडकीच्या आत बसले ते खिडकीच्या बाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर, एका आइस्क्रीम खाणाऱ्या बाईच्या शेजारी दोन तास बसले. नंबर आल्यावर खिडकीतल्या मुलीने त्यांचं वीजबिल बघितलं.

“बिल एर्मेनेहिल्दो तिरादो यांच्या नावावर आहे.”

“माझे सासरे.”

“मग त्यांना यावं लागेल.”

“मुली, ते एक्क्याण्णव साली वारले.”

तिने सहानुभूतीने मान डोलावली. “मग त्यांचं संमतिपत्र आणा.”

“वारलेल्या माणसाचं?”

“सहीचं चालेल. अंगठा चालत नाही.”

मास्तरांनी साहेबांना भेटायची मागणी केली. मुलगी आत गेली, बाहेर आली आणि गोड हसून म्हणाली, “बघतो म्हणालेत.”

त्या शब्दाने मास्तर गार पडले. त्याचा अर्थ त्यांच्याइतका त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हता. ते पायी घरी निघाले. वाटेत एव्हारिस्तोची टॅक्सी दोनदा बाजूने गेली.

घरी आले तर बैठकीच्या खोलीत टॉर्बेन बसलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, विंचरलेले केस, आणि पायांत बूट. मास्तरांनी पिशवी काखेतच धरून ठेवली. निघाला, त्यांना वाटलं. निरोप घ्यायला बसलाय. आता सही.

टॉर्बेन उभा राहिला. त्याच्या तळहातावर काहीतरी लिहिलेलं होतं, त्याने ते एकदा वाचलं आणि म्हणाला, “मास्तर. आपली आणि बाईंची परवानगी असेल, तर मला खोलीच्या कडीचा पाद्रिनो व्हायचं आहे.”

मास्तर खाली बसले.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“रेमेदिओसबाईंनी. सुपाची कृती लिहून घ्यायला गेलो होतो. साहेबांना हवी आहे.” मग तो थोडा अडखळला. “त्यांनी सांगितलं, कडी विकत घेतली तर अपमान. मास्तरांनी लावली तर अपमान. पण पाद्रिनोने दिली तर ती देणगी. आणि पाद्रिनोने रोज आपली वस्तू बघायची असते. मी माझी कडी रोज बघेन. सात ते अकरा.”

“भाडेकरू आणि पाद्रिनो?” मास्तर उसळले. “मग तो माझा कोंपाद्रे होणार? ज्याने माझ्यावर शेरा मारला तो? परवानगी माझी मागताय खरी, पण—”

“कॉफी घे, कोंपाद्रे,” आम्पारोबाई टॉर्बेनला म्हणाल्या, आणि विषय संपला.

कडीचा विधी म्हटल्यावर पाद्री हवे, जेवण हवं, आणि वाजंत्री तर हवीच. वाजंत्री म्हणजे निकानोर. तेव्हा मास्तरांना आधी जिन्यातला कागद फाडावा लागला. मग दुसरा लिहावा लागला, दोन्ही बाजूंनी भरलेला, ज्यात निकानोरच्या आईच्या संधिवातापासून त्याच्या ट्यूबाच्या तब्येतीपर्यंत सगळ्यांची चौकशी होती. आयुष्यात एवढे शब्द त्यांनी एका जागी कधी वापरले नव्हते. निकानोरने तो दारात उभं राहून मोठ्याने वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि आत जाऊन वायर जोडली.

बुधवारी, भर दुपारी, एका बोटभर पितळी कडीसाठी सोळा माणसांचा बँड वाजला. पाद्री आन्सेल्मोंनी पाणी शिंपडलं. टॉर्बेनने कडी सरकवून दाखवली तेव्हा रेमेदिओसबाई रडल्या. मास्तर कोपऱ्यात उभे राहून, आपल्याला भाषण करायला सांगितलं नाही म्हणून रागावले होते.

शनिवारी येसेनिया आली. विमानतळावरून थेट, हातात बॅग, बॅगेत कागद. आईला मिठी मारली, वडिलांच्या गालाला गाल लावला आणि म्हणाली, “तो आहे?”

“वर आहे,” मास्तर म्हणाले.

“माझ्या डोळ्यांनी बघते.”

ती वर गेली. दार बंद. ढकललं, उघडेना. आपल्या घरात बंद दार तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने हात उगारला तोच खालून, बाजूच्या घरातून आणि समोरच्या खिडकीतून एकदम तीन आवाज आले.

“ए पोरी! वाजवू नकोस!”

“अकरापर्यंत कोंपाद्रेची कडी आहे!”

“खाली बस!”

नऊ वाजले होते. समोर बंदर चकाकत होतं आणि गच्चीवर बोटभर सावली नव्हती. येसेनिया हट्टाने तिथेच कठड्याला टेकून बसली. कागद काढून डोक्यावर धरला. मास्तर तिच्या शेजारी बसले. दहाच्या सुमारास एका मोठ्या बोटीने भोंगा दिला, तेव्हा तिने नकळत चपलेतून पाय काढून तळवा फरशीवर ठेवला. लहानपणी ठेवायची तसा. मास्तरांनी ते पाहिलं आणि उगाचच नाक शिंकरलं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना जिन्यातून माणसं वर यायला लागली. रेमेदिओसबाई, तेलाची बाटली घेऊन एव्हारिस्तो, निकानोर, आरसेवाले, पडद्यावाल्या. दारापुढे ओळ लागली. येसेनिया उठून शेवटी उभी राहिली.

बरोबर अकराला कडी सरकली. टॉर्बेन उंबऱ्यात उभा होता, बूट घालून. आता हे काम तो फार मनापासून करायचा.

“आपलं?”

“गादी.”

“या. आपलं?”

“पंखा.”

“या, कोंपाद्रे. आपलं?”

“इंटरनेट!” निकानोर म्हणाला.

“या. आणि आपलं, बाई?”

येसेनियाने तोंड उघडलं. ज्या घरात ती जन्मली, ज्याच्या जिन्यावरून पडून तिचा दात तुटला, त्या घराच्या गच्चीवर एक अनोळखी डेन्मार्कचा माणूस तिला विचारत होता की इथे तुझं काय आहे. तिने मागे वडिलांकडे पाहिलं. आतली माणसं गादी, पंखा, आरसा आपापल्या जागी सोडून दारात गोळा झाली.

“माझं...” ती म्हणाली. ऊन तिच्या मानेवर भाजत होतं. हातातला कागद घामाने मऊ झाला होता. “इथे सावली नाही. दोन तास बसलेय मी. माणसाने बसायचं कुठे? इथे ताडपत्री हवी, चांगली, जाड.”

ती एकदम थांबली. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं.

“सावली,” टॉर्बेनने गंभीरपणे मान लवून म्हटलं. “या, कोमाद्रे.”

“आम्पारो!” रेमेदिओसबाई कठड्यावरून खाली ओरडल्या. “पाद्रींना सांगा! तुमची पोरगी सावलीची माद्रिना झाली!”

“मग दर दोन महिन्यांनी येऊन बघायला लागेल हं,” एव्हारिस्तो म्हणाला. “ताडपत्रीचं काही खरं नसतं. वारा फार.”

“मला रजा नसते...” येसेनिया म्हणाली, पण निकानोर ट्यूबा आणायला गेला होता आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं. तिने हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली आणि त्याने वारा घेऊ लागली.

मास्तर एकटे कठड्याशी उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणजे ते भयंकर संतापले होते.

“मला कुणी विचारलं?” ते म्हणाले. “घर कुणाचं, गच्ची कुणाची? मला कुणी विचारलं की ताडपत्री हवी का?”

गल्ली ताडपत्रीच्या रंगावर भांडत होती. तेव्हा ते खाली गेले आणि माप घ्यायची टेप घेऊन वर आले.

“धर ते टोक,” ते मुलीला म्हणाले. “आणि हिरवी आणायची नाही, सांगून ठेवतो. निळी.”